केळफुलाचा डाग आणि बेचा पाढा

भांडण नळावरचं होतं, आणि नळावरची भांडणं फणसवाडीत रोजचीच. पण हे भांडण दुर्गाच्या कानात बसलं ते बसलंच. तेव्हा ती नऊ वर्षांची असेल. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन ती बसली होती आणि तिची आई गंगुबाई नळाशी उभी होती. गंगुबाई मालवणकडची. वाडीतल्या सहा घरची भांडी घासायची आणि सातव्या घरची निवडणं-टिपणं करायची.

झालं होतं एवढंच, की मीनाक्षीबाईंचा तांब्याचा हंडा नळाखाली भरून वाहायला लागला होता. मीनाक्षीबाई सोवळ्यात होत्या आणि तेवढ्यात काहीतरी आणायला आत गेल्या होत्या. पाणी वाया जातंय म्हणून गंगुबाईनं हंडा जरा बाजूला सरकवला. बस. मीनाक्षीबाई बाहेर आल्या, हंड्याच्या कडेवर परका हात पाहिला आणि भरलेला हंडा तिथल्या तिथे उपडा केला. ते पाणी धबधब करत जिन्यावरून खाली आलं आणि दुर्गाचा फ्रॉक भिजवून गेलं.

गंगुबाई फार बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी मात्र कमरेवर हात ठेवून बोलली. "तुमची खरकटी भांडी माझ्या हातान निर्मळ होतत, आणि भरलेलो हंडो माझ्याच हातान बाटता? ह्यां कसलां गणित, बाये?"

मीनाक्षीबाईंनी रिकामा हंडा चिंच लावून घासला, पुन्हा नळाखाली ठेवला, आणि नळाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दोनदा घशात खाकरल्यासारखं केलं आणि पाणी गेलं. त्या दिवशी त्यांच्या घरचे देव दुपारपर्यंत पारोसे राहिले. दारात त्यांचा मुलगा हेमचंद्र उभा होता, खांद्याला दप्तर, आईकडे एकदा आणि जिन्यावरच्या भिजलेल्या पोरीकडे एकदा बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाक्षीबाईंची खरकटी भांडी नेहमीप्रमाणे दाराबाहेर होती आणि गंगुबाईनं ती नेहमीप्रमाणे घासली. भांडण भांडणाच्या जागी, भांडी भांड्यांच्या जागी.

याला आता पंचावन्न-छप्पन वर्षं झाली. सोवळं गेलं, हंडे मोडीत गेले, घरोघरी नळ आले. गंगुबाई गेली, मीनाक्षीबाई गेल्या. उरले ते दोघे. जिन्यावरची पोर दुर्गामावशी झाली आणि दारातला मुलगा हेमचंद्र सगळ्या वाडीचा नाना झाला. नाना सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, मिशा पांढऱ्या झाल्या, आणि वाडीच्या मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं ते पुन्हा कोणी मागितलंच नाही. मंडळाची एक बालवाडी आहे, चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांची. दुर्गामावशी तिथे बावीस वर्षं मदतनीस आहे.

मदतनीस म्हणजे काय, तर बाईंनी शिकवायचं आणि बाकी सगळं मावशीनं करायचं. सकाळी खोली झाडायची, पोरांना घरून आणायचं, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, चड्डी ओली झाली तर बदलायची, आणि दहा वाजता खाऊ वाढायचा. खाऊ मावशीच शिजवायची. सोमवारी शिरा, मंगळवारी उसळ, बुधवारी उपमा, असं बांधलेलं. पण मावशीचा खरा मान होता तो नळावर. खाऊच्या आधी एकोणीस पोरांची रांग घेऊन ती मागच्या मोरीतल्या बुटक्या नळाशी जायची आणि हात धुवायला लावायची. त्याचं तिचं स्वतःचं शास्त्र होतं.

मावशीची शाळा दुसरीत सुटली. पाढे यायचे ते फक्त बेचे. तीनचा सुरू व्हायच्या आत आईबरोबर भांड्यांना जायची वेळ आली. पण बेचा पाढा असा पक्का, की झोपेतून उठवून विचारा. तर तो तिनं हातांना लावून दिला होता. बे एके बे, तळवे चोळा. बे दुणे चार, एका हाताची पाठ. बे त्रिक सहा, दुसऱ्या हाताची. चोक आणि पंचे बोटांच्या बेचक्यात. बे सक बारा आणि बे साते चौदा, एकेक अंगठा. आठे सोळाला मनगट, नवे अठराला नखं, आणि बे दाहे वीस म्हटलं की मगच पाणी घ्यायचं. मधेच कोणी पाणी घेतलं तर पाढा पहिल्यापासून. करोनाच्या दिवसांत टीव्हीवरची माणसं सांगायला लागली, की हात वीस सेकंद धुवावेत. मावशीनं शेजारणीला विचारलं, वीस सेकंद म्हणजे किती गं? शेजारणीनं घड्याळ लावून मोजलं तर बेचा पाढा सावकाश म्हटला की बरोबर वीस. मावशी म्हणाली, म्हणजे टीव्हीवाल्यांनाही बेचाच पाढा येतो.

जूनमध्ये नवीन बाई आल्या, नूपुरबाई. दादरच्या, सव्वीस वर्षांच्या, शिकलेल्या आणि मनापासून काम करणाऱ्या. मावशीला आवडल्या. पोरांनाही आवडल्या, कारण त्या चित्रं फार सुरेख काढायच्या. ऑगस्टमध्ये एका बुधवारी त्यांनी जंतूंचा धडा घेतला. मोठ्या पांढऱ्या कागदावर एक हात काढला आणि त्या हातावर जंतू. काळे, वाटोळे, पाय असलेले, दात विचकणारे. प्रत्येक बोटावर दोन-दोन, नखात एक लपलेला. पोरं किंचाळली, हसली, पुढे सरकून बघायला लागली. बाईंनी सांगितलं, हे जंतू घाणेरड्या हातावर राहतात, तोंडातून पोटात जातात आणि पोट दुखवतात. धडा उत्तम झाला. दारात उभी राहून मावशीनंही तो ऐकला, आणि मनात म्हणाली, जंतू असे दिसत असतील असं वाटलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसाला ठाऊक.

आता त्याच्या आदल्या सोमवारची गोष्ट सांगायला हवी. वाडीत केळफूल कोणाला निवडता येत नाही. म्हणजे खायला सगळ्यांना येतं. काळे वाटाणे घालून, वर ओलं खोबरं, दोन पोळ्या जास्त जातात. पण ते निवडणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. एकेक लाल पाकळी उलटायची, आतल्या फुलांचा फणा काढायचा, प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, मग बारीक चिरून ताकाच्या पाण्यात बुडवायचं. नव्या सुना तर केळफूल पाहिलं की मोबाइल काढतात. म्हणून ज्याला खायची इच्छा होते तो मावशीकडे देतो. केळफुलाचा चीक पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की बोटं काळीकुट्ट करतो आणि आठ-आठ दिवस निघत नाही. आधी हाताला खोबरेल लावलं तर डाग पडत नाहीत, हे मावशी सगळ्या वाडीला सांगते. स्वतः लावायला मात्र विसरते. तर त्या सोमवारी तिनं दोन केळफुलं निवडली होती आणि बुधवारी तिच्या दोन्ही हातांची बोटं शाई सांडल्यासारखी होती.

दहा वाजले. हात धुऊन पोरं पंगतीत बसली. मावशी उपम्याचं पातेलं घेऊन आली आणि पहिला चमचा वाढला तो ओवीच्या ताटलीत, कारण ओवी सगळ्यांत लहान आणि मावशीची सगळ्यांत लाडकी. साडेतीन वर्षांची. रोज मावशीच्या करंगळीला धरून येते आणि करंगळी सोडायला सांगितली तर दुसऱ्या हाताची धरते.

ओवीनं ताटलीकडे पाहिलं, मग चमचा धरलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि ताटली हळूच पुढे सरकवली.

"मला नको. मावशीच्या हातावर जंतू बसलेत."

शेजारी नील होता. त्यानं वाकून पाहिलं आणि खात्री केली. "हो रे, खरंच. नखात पण आहे एक."

मग काय, एकोणीस ताटल्या पुढे सरकल्या. मावशी हसली. तिला वाटलं, पोरं आहेत, दोन मिनिटांत विसरतील. तिनं त्यांच्यासमोर हात धुतले, साबण लावून, पूर्ण बेचा पाढा म्हणून. डाग जागच्या जागी. नील म्हणाला, बघा, जंतू गेलेच नाहीत, ते चिकटलेत. मावशीनं लिंबू चोळलं, चिंच चोळली. काळ्याचं करडं झालं एवढंच. नूपुरबाई लगबगीनं सांगायला लागल्या, की हे जंतू नाहीत, हा भाजीचा डाग आहे. पण सकाळी ज्या बाईंनी काळे जंतू स्वतःच्या हातानं काढून दाखवले, त्याच आता म्हणतात नाहीत, मग पोरांनी कशावर विश्वास ठेवायचा? डोळ्यांनी दिसतंय ना. त्या दिवशी उपमा नूपुरबाईंनी वाढला.

गुरुवारी पोरांनी खेळ काढला. एकानं जंतू व्हायचं, ज्याला शिवेल तो बाटला. तसा खेळ वाईट नव्हता, पळापळ छान व्हायची. पण जंतू कोण, तर दर वेळी मावशी. रस्ता ओलांडताना नीलनं बोट धरायच्या ऐवजी तिच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. ओवी करंगळीकडे बघत राहिली, तिला धरायची होती, पण हात मागे ठेवून दोन पावलं लांबून चालली. मावशीला त्या दोन पावलांच्या अंतराचं जेवढं लागलं तेवढं उपम्याचं लागलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी नाना बालवाडीत आले. नानांना काही अवघड बोलायचं असलं की ते मिशीवरून हात फिरवतात. आल्यापासून ते फिरवतच होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि मावशीपुढे धरला. ओवीचे बाबा अवधूत, त्यांनी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. गुरुवारी मावशी खाऊ शिजवत असताना दारातून काढलेला. फोटोत चमचा धरलेला मावशीचा हात, मोठा करून. खाली बऱ्याच जणांनी बरंच काही लिहिलं होतं. मावशीला वाचायला वेळ लागतो, म्हणून तिनं नुसता हात पाहिला. आयुष्यात तिचे चारपाच फोटो निघाले असतील, त्यात एकट्या हाताचा हा पहिलाच.

नाना म्हणाले, की दुर्गा, तू राग मानू नकोस, मला ठाऊक आहे तो कसला डाग आहे, पण पालकांचं मन राखावं लागतं, आणि पोरं खात नाहीत हेही खरंच. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून खाऊ बंद पुड्यांचा. बिस्किटं वगैरे. मावशीनं झाडलोट करावी, पोरांची ने-आण करावी. शिजवणं-वाढणं नको. काम काही जात नाही तुझं, असंही त्यांनी दोनदा सांगितलं.

काम जात नव्हतं हे खरं. पण मावशीनं बावीस वर्षांत कधी झाडूला आपलं काम म्हटलं नव्हतं. झाडू काय, कोणीही मारतं. तिच्या हातचा घास पोरांच्या पोटात जातो, ते तिचं काम. तिच्या ओठांवर आईचं वाक्य आलं होतं, जसंच्या तसं, मालवणीतलं. कारण ती दोन केळफुलं सोमवारी तिच्या हाताखालून ज्या घरी गेली होती, ते घर दुसऱ्या कोणाचं नव्हतं, नानांचंच होतं. पण वाक्य तिनं गिळलं. आईनं बोलून हंडा काही परत भरला नव्हता.

ती एवढंच म्हणाली, "नाना, सोमवारी सकाळी मला एक तास द्या. तुम्हीपण या. अवधूतलाही आणा. मग तुम्ही म्हणाल तसं."

नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि बरं म्हणाले.

एक तास मागितला खरा, पण त्यात करायचं काय हे मावशीला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं रविवारी, वरणाला फोडणी देताना. हिंगाच्या डबीचं झाकण निघेना म्हणून तिनं दातांनी उघडलं. वरण झालं, जेवण झालं, भांडी झाली, आणि दुपारी उशीवर डोकं टेकलं तर उशीला हिंगाचा वास. पदराला वास. दाराच्या कडीला वास. शेजारीण वाटी परत द्यायला आली होती, तिनं चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, अगो, माझ्या चष्म्याला हिंग कुठून लागला? मावशी उठून बसली. हिंग कुठेच दिसत नव्हता, आणि सगळीकडे होता.

सोमवारी ती रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी बालवाडीत गेली. वाटीत खड्याचा हिंग रात्रीपासून भिजवलेला. ते पाणी तिनं आपल्या हातानंच दाराच्या कडीला लावलं, लाकडी घोड्याच्या मानेला लावलं, चेंडूला, झारीच्या दांड्याला, आणि नाना बसतात त्या खुर्चीच्या दोन्ही हातांना. लावून झाल्यावर नळावर गेली, साबण घेतला आणि बेचा पाढा तीनदा म्हणून हात धुतले. हिंगाला एका पाढ्याचं भय नसतं.

पोरं आली, कडी उघडून आत आली, घोड्यावर बसली, चेंडू फेकला. नाना आले, खुर्चीत बसले, हातांवर हात टेकले आणि मिशीवरून फिरवले. अवधूत कोपऱ्यात मोबाइल बघत उभा होता. त्याला कचेरीला उशीर होत होता. तेवढ्यात चेंडू त्याच्याकडे आला तो त्यानं उचलून परत टाकला. नूपुरबाई नाक वर करून म्हणाल्या, वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी सकाळीच आमटी झालेली दिसते.

अर्ध्या तासानं मावशीनं सगळ्यांना गोल बसवलं. मोठ्यांनाही. ती म्हणाली, आता आपापले हात नाकाशी न्या.

आधी नीलनं नेला. त्याचं तोंड असं झालं, की शेजारच्या ध्रुवनं न हुंगताच तोंड वाकडं केलं. मग एकामागून एक सगळ्यांनी हुंगलं. कोणी म्हणालं आमटीचा वास, कोणी म्हणालं आजीच्या लोणच्याचा. ओवी आपला हात हुंगून झाल्यावर नीलचा हुंगायला गेली, नील ध्रुवचा, आणि पाच मिनिटं खोलीत नुसतं हुंगणं चाललं. नूपुरबाईंनी आपला हात हुंगला, मग मोबाइल हुंगला, आणि वरच्या मजल्यावरची आमटी कुठे होती ते त्यांना कळलं. अवधूतनं हळूच बोटं नाकाशी नेली आणि खिशात घातली. नाना मात्र शांत बसले होते. शेवटी ओवी त्यांच्या मांडीवर चढली, त्यांच्या मिशीला नाक लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, की सगळ्यांत जास्त नानाआजोबांना आहे.

मावशीनं विचारलं, "दिसतोय का कोणाला? काळा आहे का? पाय आहेत त्याला?"

पोरांनी हात उलटेपालटे करून पाहिले. नाही. काहीच दिसत नव्हतं. हात कसे गोरेगोमटे, स्वच्छ.

"मग जंतू असाच असतो," मावशी म्हणाली. "बाईंनी त्याचं चित्र काढलं ते तुम्हाला कळावं म्हणून. देव कुठे दिसतो, पण आपण फोटो लावतोच ना? खरा जंतू दिसत नाही. कडीवरून घोड्यावर, घोड्यावरून नीलच्या हातावर, नीलच्या हातावरून तोंडात. कोणाच्या हातावर बसायचं ते तो विचारत नाही. लहान-मोठा बघत नाही, अध्यक्ष बघत नाही."

नानांचा हात मिशीकडे निघाला होता, तो अर्ध्या वाटेवर थांबला.

मग रांग निघाली मोरीकडे. आधी मावशीनं सगळ्यांना नुसत्या पाण्यानं हात धुवायला लावले. हुंगा म्हणाली. वास तसाच. मग साबण. बे एके बे. एकोणीस पोरं, नूपुरबाई आणि अवधूत एका सुरात. बुटका नळ साडेतीन वर्षांच्या मापाचा, त्यामुळे सहा फुटी अवधूत जवळजवळ जमिनीवर बसला. नानांचे गुडघे दुखतात, तरी तेही वाकले. बे सकाला अंगठा चोळायचा हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, तेव्हा ओवीनं त्यांना पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला. दुसऱ्या पाढ्यानंतर हात हुंगले तर साबणाचा वास. नीलला नखात थोडा आला, त्याला मावशीनं नवे अठरा तीनदा म्हणायला सांगितलं.

आता मावशीनं आपले दोन्ही हात पुढे धरले. डाग आठ दिवसांचे झाले होते तरी दिसत होते. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी ओवी पुढे आली, लांबूनच मान पुढे काढून तिनं करंगळी हुंगली. मग जवळ येऊन हुंगली. मग सगळी बोटं, एकेक करून, मांजराच्या पिल्लासारखी.

"ह्याला वास नाही," ती म्हणाली. तिला ते पटत नव्हतं, म्हणून पुन्हा हुंगलं. "काळं आहे, पण वास नाही."

"तो हिंग सकाळी मीच लावला, ह्याच हातांनी," मावशी म्हणाली. "आणि मग धुतले."

तिनं पिशवीतून एक केळफूल काढलं, पाकळी उलटली आणि एक फूल मोडून चिकाचा थेंब स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला. हा बघा, पाण्यासारखा आहे, आता तुम्ही खाऊ खाईपर्यंत काळा होईल. ते ऐकल्यावर ओवीनं लगेच आपलं बोट पुढे केलं. मलापण. मग नीलनं, मग ध्रुवनं. मावशी नको नको म्हणत होती, पण एकोणीस बोटं पुढे आली आणि एकोणीस थेंब लागले. त्या दुपारी फणसवाडीत पोरं बोटं वर करून घरी गेली, सगळी मतदान करून आल्यासारखी. पालकांच्या ग्रुपवर पुन्हा फोटो पडले. या वेळी खाली उत्तरं लिहायला अवधूत बसला होता, आणि त्याचा दिवस त्यातच गेला.

पण ते नंतर. आधी खाऊ. सोमवार, म्हणजे शिरा. नानांनी सांगितल्याप्रमाणे बिस्किटांचे पुडे कपाटात येऊन पडले होते, पण शिरा मावशीनं केलाच होता, होईल ते होईल म्हणून. पातेलं घेऊन ती पंगतीत आली. पहिला चमचा ओवीच्या ताटलीत. ओवीनं ताटलीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, आणि बेदाणा जास्त हवा म्हणाली. मावशीनं तिला तीन दिले. पुढच्या अठरा ताटल्या वाढताना ती चमचा पातेल्यावर उगाच आपटत होती.

नाना खुर्चीतून उठले. खुर्चीचे हात त्यांनी टाळले, गुडघ्यांवर रेटून उठले. मावशीजवळ येऊन त्यांनी तिच्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

"दुर्गा, हे डाग कुठल्या केळफुलाचे?"

"मागच्या सोमवारचे."

"मागच्या सोमवारी तर आमच्याकडे..." ते थांबले. मागच्या सोमवारी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली होती. सुमतीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मधुमेहवाल्यानं पोळ्या किती खाव्यात यावर भाषणही केलं होतं. डाग कसला ते त्यांना शुक्रवारी ठाऊक होतं. कुणाच्या भाजीचा, ते आत्ता लक्षात आलं.

ते मिशीवरून हात फिरवायला गेले आणि मग हात खाली घेतला. हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी आईनं हंडा ओतला, तेव्हा मी दारात होतो. तुझा फ्रॉक भिजला होता. गंगुबाईंनी काही गणित विचारलं होतं, ते मला अजून सुटलेलं नाही."

मावशीला वाटलं होतं, तो दिवस आपल्या एकटीलाच आठवतो. मग तिनं एक ताटली घेतली, तिच्यात शिरा वाढला आणि ती नानांपुढे धरली.

"बसा आधी. गार होतोय."

नाना खाली, पोरांच्या पंगतीत बसले. सुमतीवहिनींना सांगू नका, एवढंच नूपुरबाईंना म्हणाले. ताटली पुसून खाल्ल्यावर त्यांनी सांगितलं, की बिस्किटांचे पुडे कपाटात ठेवून उपयोग नाही, मुंग्या येतील, तेव्हा ते समोरच्या वाचनालयात चहाबरोबर पाठवून द्यावेत. खाऊ पूर्वीसारखा. नूपुरबाईंनी जंतूंचं चित्र भिंतीवरून काढलं, दात-पाय असलेले सगळे काळे जंतू रबरानं पुसले आणि त्या जागी काहीच काढलं नाही. नुसता हात ठेवला. खाली मोठ्या अक्षरात बेचा पाढा लिहिला. मावशी तो बोट ठेवून वाचू शकते.

घरी जाताना ओवीनं मावशीची करंगळी धरली. नील म्हणाला मला, तेव्हा तिनं दुसऱ्या हाताची दाखवली आणि तीपण माझीच आहे म्हणाली. शेवटी नीलला पदरावरच समाधान मानावं लागलं.

पोरं पोचवून झाली, खोली झाडून झाली. नळाला बांधलेल्या जाळीच्या पिशवीत साबणाचे झिजलेले तुकडे होते, ते मावशीनं नव्या वडीला दाबून चिकटवले आणि पिशवी पुन्हा ओवीच्या हाताला पोचेल इतकी खाली बांधली. तेवढ्यात गॅलरीतून सुमतीवहिनींनी हाक मारली. अगं दुर्गा, भाजीवाल्याकडे केळफुलं छान आली आहेत, आणशील का एक? यांना आज का कोण जाणे फार आठवण झालीय.

मावशीनं भाजीची पिशवी उचलली. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घातला, जड आणि घट्ट असं केळफूल पारखून घेतलं आणि तीन जिने चढून नानांच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसली. विळी समोर घेतली. वहिनी आतून म्हणाल्या, तेलाची बाटली फळीवर आहे हो, आधी हाताला लाव.

"हो, लावते," मावशी म्हणाली आणि पहिली लाल पाकळी उलटली. फुलांचा फणा मोडला, काडी काढली, पापुद्रा काढला. चिकाचा पहिला थेंब बोटावर आला तेव्हा बाटली फळीवरच होती.